हात लावण्याआधी

४ जून

प्रिय वहिनीसाहेब,

वयानं माझ्याहून लहान असलीस म्हणून काय झालं, आता पोरीची आई झालीस, साहेब म्हणायलाच हवं.

बंड्यानं छकुलीचा फोटो पाठवला. नाक माझ्या या भावाचंच घेतलंय बिचारीनं, त्याला आता इलाज नाही. बाकी सगळी तुझ्यावर गेलीय, नशीब. मला यायचं होतं गं, पण गळ्यात नवीन काम पडलंय आणि श्वास घ्यायला फुरसत नाही. फोनवर तुझ्याशी बोलणं ही तर शिक्षाच. तुमचा फोन कायम स्पीकरवर, तू नुसती 'हं' म्हणतेस आणि पुढचं सगळं आई बोलते. म्हणून मेल लिहितेय. तूही मेलच कर. प्रेसमध्ये वर्षभर दुसऱ्यांची मुद्रितं तपासतेस, रजेवर आहेस तोवर चार ओळी स्वतःच्या लिही.

काम काय ते सांगते, हसू नकोस. अंगावर पाजणाऱ्या आईला मदत कशी करायची, हे शिकाऊ डॉक्टरांना शिकवायचं. ही पोरं औषधांचे डोस झोपेत सांगतील, पण समोर रडकुंडीला आलेली आई बसली की यांची दातखीळ बसते. त्यात ती गावोगावच्या हॉस्पिटलांत विखुरलेली. म्हणून सगळा सराव पडद्यावर. आमच्याकडे एक नटी आहे, नाटकांत कामं केलेली. ती आपल्या घरी कॅमेऱ्यासमोर बसते, कुडत्यावरून कापडी छाती बांधते, मांडीवर वाळू भरलेली बाहुली घेते आणि मी लिहून दिलेलं दुखणं वठवते. पलीकडून शिकाऊ डॉक्टर तिला बोलून मदत करतो. काल एक पठ्ठ्या इतका लाजला की 'बाळाला जरा... तिकडे... वर घ्या' म्हणत छताकडे बोट दाखवू लागला. नटीबाईंनी बाहुली डोक्यावर धरली!

पडद्यातून हात घालता येत नाही, हाच त्यातला फायदा. वॉर्डात ही मंडळी न विचारता बाईची छाती धरतात, बाळाचं डोकं दाबतात. इथे नाइलाजानं तोंड वापरावं लागतं. माझा पहिला नियम स्क्रीनवर कायम लिहिलेला असतो: हात लावण्याआधी विचारा. आणि सराव संपला की नटीबाई कापडी छाती सोडतात, बाहुली बाजूला ठेवतात आणि डॉक्टरला सांगतात, तुझ्यासमोर बसून मला काय वाटलं. आधी चांगलं सांगायचं, मग काय लागलं ते. शेवटचा प्रश्न ठरलेला: 'पुन्हा या डॉक्टरकडे याल का?' हो किंवा नाही. 'नाही' ऐकून भल्याभल्यांचे चेहरे उतरतात.

तुझं कसं चाललंय? अंगावर नीट पितेय ना? सगळं लिही, लाजू नकोस. मला नणंद नाही, डॉक्टर समज.

तुझी
ताई


१२ जून

तीर्थस्वरूप ताई,

साष्टांग नमस्कार. टाके अजून ओढतात, त्यामुळे मनातूनच.

डॉक्टर समज म्हणालात म्हणून लिहिते. नीट पीत नाही. तोंड लावते, दोनदा चोखते, सोडून देते आणि मग अशी किंचाळते की खालच्या मजल्यावरची माणसं गॅलरीत येऊन वर बघतात. उजवीकडे चीर पडलीय. तिनं तोंड लावलं की मी पलंगाची कड घट्ट धरते. हॉस्पिटलात असताना एक डॉक्टर आली होती, माझ्याहून लहान असेल. एक शब्द न बोलता तिनं माझा कपडा बाजूला केला, लिंबू पिळावं तशी छाती पिळली, बाळाचं तोंड वर दाबलं, म्हणाली, 'येतंय की दूध,' आणि गेली. जाताना पडदा उघडाच टाकला. समोरच्या खाटेवरच्या बाईचा नवरा माझ्याकडे बघत होता.

आई वाईट नाहीत, हे आधीच सांगते. माझं माहेर उरलेलं नाही, माझं बाळंतपण त्यांनीच काढलं. रोज माझे केस विंचरून देतात. पण बाळ रडलं की त्यांच्या हातात बाटली तयार. 'माझी दोन्ही पोरं डब्याच्या दुधावर वाढली. एक डॉक्टर झाली. काय वाईट झालं?' यावर मी काय बोलणार? पुरावा म्हणून तुम्हीच उभ्या! तुमचे बंधू म्हणतात, 'तुम्ही दोघी काय ते ठरवा,' आणि अंघोळीला जातात. हल्ली हा माणूस दिवसातून कितीदा अंघोळ करतो, विचारू नका.

मला हिला अंगावर पाजायचंय ताई. हट्ट म्हणा हवं तर. माझी आई गेल्यापासून माझ्या रक्ताचं असं हे एकच माणूस. तिला द्यायला माझ्याजवळ माझं असं एवढंच आहे, आणि तेही मला देता येत नाही. ती रडायला लागली की घरातले सगळे माझ्या छातीकडे बघतात. दुकानात माल नाही आणि मी उगाच शटर उघडून बसलेय, अशी माझी गत झालीय.

हे शटरचं कुणाजवळ बोलू नका. आत्ता आई झोपल्यात म्हणून लिहून टाकलं.

तुमची
वहिनी


१३ जून

अगं वेडाबाई,

तुझा मेल वाचून आधी हसले आणि मग डोळे पुसले. ते शटर काय, बंड्याची अंघोळ काय! तू जन्मभर दुसऱ्यांच्या वेलांट्या तपासतेस, हा मोठा अन्याय आहे बघ.

आता डॉक्टर बोलतेय, कान दे. तुझ्याकडे दूध आहे. पोरगी तोंड पुरेसं उघडत नाही, नुसतं टोक पकडते. म्हणून तिचं पोट भरत नाही आणि तुला चिरा पडतात. दोघींचीही चूक नाही. बसून पाजू नकोस. कुशीवर आडवी हो, पाठीमागे उशी घे. तिला तुझ्या पोटाला पोट लागेल अशी जवळ घे, कान, खांदा आणि कंबर एका ओळीत. तिचं नाक टोकासमोर यायला हवं, तोंड नव्हे. मग थांब. घाई नाही. ती जांभई दिल्यासारखा मोठा आ करेल, त्याच वेळी पाठीवर हात ठेवून तिला जवळ ओढ. डोकं दाबायचं नाही. हनुवटी आधी टेकू दे. टोकाभोवतीचा काळा भागही तोंडात गेला पाहिजे. दुखलं तर ओठाच्या कडेनं बोट घालून सोडव आणि पुन्हा कर. गिळण्याचा आवाज आला की जिंकलीस.

त्या डॉक्टरीणबाईंचं वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. असल्यांसाठीच तर माझा सगळा आटापिटा चाललाय. ती कुठे उभी होती, नेमकं काय म्हणाली, तुला त्या वेळी काय वाटलं, सगळं लिही. आई काय काय बोलते तेही लिही, तिच्याच शब्दांत. म्हणजे मला नीट सांगता येईल.

आणि शटरची काळजी नको. माझ्या पोटात राहील.

ताई


२९ जून

ताई, ताई, ताई!

आवाज आला. गिळण्याचा. आडवी पडले होते, ती कुशीत, मी तुम्ही सांगितल्याप्रमाणे नुसती थांबले. तिनं आ केला. मी ओढली. आणि मग तिच्या गळ्यातून तो बारीकसा आवाज, मग पुन्हा, मग पुन्हा. मी इतकी रडले की तुमचे बंधू साबणाच्या अंगानं बाहेर आले. त्यांना वाटलं काहीतरी झालं. झालंच होतं की!

आता रोज पिते. चीरही भरत आलीय. पिऊन झालं की मुठी सैल सोडते आणि झिंगल्यासारखी तोंड उघडं टाकून झोपते. तिच्याकडे बघत मी बसून राहते, मला दुसरं काही करावंसंच वाटत नाही. कुणीतरी पहिल्यांदाच मला पास केलंय असं वाटतं. तुमचे उपकार मी या जन्मात फेडू शकणार नाही.

तुम्ही विचारलंत म्हणून आईंचंही सांगते, पण हे अगदी तुमच्या-माझ्यात. त्यांना अजून पटत नाही. 'तुझं तू पाज, पण वरून बाटली देत जा, पोर भुकेली राहील,' म्हणतात, आणि स्वतः पाणी उकळून, गार करून, मनगटावर थेंब टाकून बघून बाटली माझ्या हातात देतात. नाही कसं म्हणू? परवा त्या भाजी आणायला गेल्या आणि मी ती बाटली सिंकमध्ये ओतली. त्या परत आल्यावर मी म्हणाले, प्यायली सगळी. किती खूश झाल्या, ताई! मग पुन्हा तसंच केलं. काल दवाखान्यात वजन केलं, चांगलं वाढलंय. आई वाटेत मला म्हणाल्या, 'बघितलंस? बाटलीचा गुण.' मी 'हो' म्हणाले. हसूही येत होतं आणि स्वतःची लाजही वाटत होती.

एखाद दिवशी मी त्यांना आपणहून सांगेन. माझ्या पद्धतीनं, हळूच. तोवर हे तुम्ही विसरून जा.

तुमची
वहिनी


२ ऑगस्ट

प्रिय वहिनीसाहेब,

इतके दिवस उत्तर नाही म्हणून रागावली असशील. अगं, मान वर करायला वेळ नव्हता. पण इथे माझं काय चाललंय ऐक. आमच्या जुन्या केसेस म्हणजे नुसती पुस्तकी माहिती होती. आईला ताप, आईला गाठ. पोरं पाठ केलेलं बोलायची आणि पास व्हायची. मी बसून एक नवीन केस लिहिली. खरीखुरी बाई, खरं घर. नटीबाई वाचता वाचता थांबल्या, म्हणाल्या, 'डॉक्टर, हे तुम्ही लिहिलंत?' पहिल्याच सरावात एका निवासी डॉक्टरला मध्येच कॅमेरा बंद करावा लागला. नंतर म्हणाला, 'मॅडम, मी वॉर्डात हेच करत आलोय.' आता दुसऱ्या कॉलेजांतूनही मागणी येतेय. इतक्या वर्षांत पहिल्यांदा वाटतंय, की मी काहीतरी बदलतेय.

एका सरावाचं रेकॉर्डिंग इतकं झकास झालंय की राहवलं नाही. बंड्याला लिंक पाठवलीय. रविवारी टीव्हीवर लावा आणि आईला दाखवा. 'डॉक्टर झालीस तरी पेशंट सोडून तू कॉम्प्युटरसमोर काय करत बसतेस,' असं नेहमी विचारते ना? बघू दे लेक काय करते ते!

छकुलीचा पापा. पितेय ना झकास?

ताई


११ ऑगस्ट

ताई,

रविवारी रेकॉर्डिंग बघितलं. कसं बघितलं ते सांगते.

आईंनी सकाळी ठेवणीतली साडी नेसली. चष्मा पुसून घेतला. शेजारच्या काकूंना मुद्दाम बोलावून आणलं, 'आमची ताई टीव्हीवर आहे' म्हणून. तुमच्या बंधूंनी चहा केला. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत, दुपट्याखाली छकुली पीत होती. तुमचा चेहरा आला तेव्हा आईंनी पडद्याकडे बोट करून तिलाही दाखवलं, 'ती बघ आत्या.' नटीबाईंची कापडी छाती बघून काकू पदर तोंडाला लावून हसल्या. सगळेच हसलो.

मग ती बाई बोलायला लागली. 'बाळ रडलं की घरातले सगळे माझ्या छातीकडे बघतात. दुकानात माल नाही आणि मी उगाच शटर उघडून बसलेय.'

मुद्रितं वाचून पोट भरणाऱ्या बाईला स्वतःची वाक्यं ओळखू येणार नाहीत, असं वाटलं का तुम्हाला? मुलीचा मुलगा केलात. प्रेसची बँक केलीत. बाकी कानामात्रा बदलला नाहीत. लिंबू तसंच, उघडा पडदा तसाच, समोरच्या खाटेवरचा नवराही तसाच. मला वाटलं आता एवढ्यावर थांबेल. दुपट्याखालून छकुलीला अजून जवळ घेतलं.

ती थांबली नाही. सासूबाई काय म्हणतात ते तिनं आवाज बदलून करून दाखवलं. 'माझी दोन्ही पोरं डब्यावर वाढली. एक इंजिनिअर झाला. काय वाईट झालं?' अगदी हुबेहूब, मान हलवून. तो शिकाऊ डॉक्टर हसला. मग ती पुढे वाकली आणि हळू आवाजात म्हणाली, 'डॉक्टर, मी ती बाटली सिंकमध्ये ओतते. सासूबाईंना सांगते, प्यायली. वजन वाढलं तर म्हणाल्या, बाटलीचा गुण.' डॉक्टर म्हणाला, 'सासूबाईंना कसं हाताळायचं ते आपण बघू.' आणि मग तुमचा आवाज आला, ताई. तुमचा स्वतःचा. 'छान! मुख्य अडथळा बरोबर ओळखलात.'

आमच्या हॉलमधून सिंक दिसतं, तुम्हाला माहीतच आहे. आईंनी आधी सिंककडे बघितलं, मग माझ्याकडे. 'बंद कर रे ते,' म्हणाल्या. काकू चहा तसाच टाकून उठल्या, 'गॅसवर काहीतरी ठेवलंय' म्हणत. आई मला एवढंच म्हणाल्या, 'कितीदा ओतलंस?' मी छकुलीचं दुपटं सारखं करायला लागले. 'मी रोज मनगटावर थेंब टाकून बघायचे गं,' म्हणाल्या. मग सगळ्या बाटल्या धुतल्या, पुसल्या, वरच्या फळीवर ठेवल्या. 'आता मी तुझ्या पोरीला हात लावणार नाही.' तेव्हापासून लावलेला नाही. ती रडत असते आणि त्या आपल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसतात.

तुमचे बंधू म्हणतात, मी घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर मांडल्या. मी! मी एका माणसाला लिहिलं होतं. पोटात राहील म्हणाली होती ती.

ती केस बंद करा.

वहिनी


१४ ऑगस्ट

प्रिय वहिनी,

तुझा मेल वाचून हातातलं काम बाजूला टाकलं. खरं सांगते, माझ्या लक्षातच आलं नाही गं. नटीबाईंच्या तोंडून तेच तेच इतक्या वेळा ऐकलं की ते त्यांचंच वाटायला लागलं. लिंक पाठवताना माझ्या मनात फक्त आई होती, तिनं मला एकदा शाबास म्हणावं एवढंच. ते 'अडथळा' मी आईला म्हणाले नव्हते, केसमधल्या सासूला म्हणाले होते. हे तरी तू समजून घे.

पण तुझा आरोप मला पूर्ण मान्य नाही. नाव नाही, गाव नाही, नोकरी बदलली, मूल बदललं. बाहेरच्या कुणालाही कळणार नाही. आणि ज्या बायकांचे कपडे न विचारता बाजूला केले जातात, अशा किती बायका त्यामुळे वाचल्या असतील, याचा तू विचार केलास का? तुझ्यावर जे गुदरलं ते फुकट गेलं नाही, याचा तुला थोडा तरी आनंद व्हायला हवा. मी चोरी केल्यासारखं बोलू नकोस.

केस एकदम बंद करता येणार नाही. पुढच्या तुकडीला तीच द्यायचं ठरलंय, परीक्षाही तिच्यावरच आहे. तेवढी होऊ दे, मग बघू. हवं तर शटरचं वाक्य काढते. आईशी मी बोलते. तिला सांगते, की असल्या गोष्टी सगळ्याच घरांत होतात, ती केस दुसऱ्याच कुणाची आहे, वहिनीचं तिच्याशी जुळलं तो योगायोग. तू फक्त माझ्या हो ला हो म्हण. महिन्याभरात सगळं निवळेल. आईचा राग मला माहीत आहे.

तुझी तब्येत सांभाळ. असा ताण आला की दूध उतरायला वेळ लागतो, पण ते आटलेलं नसतं. पाजण्याआधी खांदे सैल सोड, गरम कपड्यानं शेक. एक विचारू? रविवारनंतर काही फरक जाणवला का? म्हणजे दूध कमी झाल्यासारखं, बाळ सोडून देतंय असं? कधीपासून, आणि तुला त्या वेळी मनात काय येतं, तेवढं लिहिशील? घरच्या ताणाचा असा परिणाम कुणी नीट लिहूनच ठेवत नाही.

तुझीच
ताई


३ ऑक्टोबर

ताई,

तुमचे तीन मेल आणि आईंच्या फोनवर आलेले कॉल, सगळे पोचले. उत्तर द्यायचं नव्हतं. पण तुमच्याकडे पद्धत आहे ना, सराव संपला की आई बोलते आणि डॉक्टर ऐकून घेतो, मध्ये बोलत नाही. तेवढं तुमच्या पद्धतीनं करते.

आधी चांगलं सांगायचं. तुम्ही शिकवलंत म्हणून ती माझ्या अंगावर प्यायली. तो गिळण्याचा आवाज मी कधी विसरणार नाही आणि तो तुमच्यामुळे ऐकला हेही नाही. कुणी मला 'तुझी चूक नाही' म्हणालं असेल तर त्या तुम्हीच. हे मी मनापासून लिहितेय, टोमणा नाही.

आता लागलं ते. तुम्ही मला विचारलं नाहीत. नियम तुमचाच, कायम स्क्रीनवर लिहिलेला. 'वहिनी, तुझं हे मी शिकवायला वापरू का?' एवढ्या एका ओळीचं काम होतं. कदाचित मी हो म्हणाले असते. आईंचं आणि बाटलीचं सोडून बाकी सगळं घ्या, असं म्हणाले असते. त्या हॉस्पिटलातल्या पोरीनं निदान सगळ्यांसमोर कपडा काढला, मला दिसत तरी होतं काय चाललंय ते. तुम्ही काढलात तेव्हा मी तुमचे उपकार मानत होते.

आणि चूक दिसल्यावरही तुम्ही काय केलंत? मला म्हणालात, खोटं बोलायला साथ दे. आणि खालीच विचारलंत, दूध कधीपासून कमी झालं ते लिही. तो मेल मी तीनदा वाचला. मला वाटलं मी काहीतरी चुकीचं वाचतेय.

कधीपासून ते लिहिणार नाही. छकुली आता बाटलीवर आहे, तेवढं पुरे. तिला अंगावर घेतलं की मला त्या बाईचा आवाज ऐकू यायचा. खांदे सैल सोडून, शेकून, आडवी पडून, सगळं करून बघितलं. ती चोखायची, सोडायची आणि माझ्याकडे बघून रडायची. एक दिवस मी स्वतः स्टूल घेतलं आणि वरच्या फळीवरून बाटली काढली. पाणी जास्त गरम झालं होतं, मला कळेना किती थांबायचं. हातातून डबा पडला, सगळी पूड ओट्यावर. आई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी ओटा पुसला, बाटली माझ्या हातातून घेतली, गार केली, मनगटावर थेंब टाकून बघितला आणि छकुलीला मांडीवर घेतलं. तिनं पहिला घोट गिळला तो आवाज तसाच होता. मी जमिनीवर बसून हमसून हमसून रडले. आईंनी दुसऱ्या हातानं माझं डोकं मांडीशी धरून ठेवलं. मी त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, 'तुला पाजायचं होतं, ते मला कळायला हवं होतं.'

त्या दिवशी आईंनी मला एक गोष्ट सांगितली. तुमच्या जन्माच्या वेळची. तुम्ही डब्यावर का वाढलात, त्याची. तिच्यात एक डॉक्टर आहे आणि खाटेभोवती उभे असलेले त्याचे शिकाऊ विद्यार्थी आहेत. इतक्या वर्षांत त्यांनी ती कुणालाच सांगितली नव्हती, तुमच्या बाबांनाही नाही. ती ऐकून मला तुमच्या कामाचं मोल कळलं आणि तुमचा राग आणखी आला. मी ती लिहिणार नाही. लिहिली तर तुम्ही तिची केस कराल, आणि चांगलीच कराल. हवी असेल तर स्वतः या, आईंच्या समोर बसा आणि त्यांना विचारा. त्या नाही म्हणाल्या तर उठून जा.

तुमच्या पुढच्या तुकडीची परीक्षा झाली असेल. सगळे पास झाले असतील. चांगलं आहे. एखाद्या बाईचा पडदा त्यामुळे नीट ओढला जाईल.

यापुढे छकुलीची खुशाली तुमचे बंधू कळवत जातील. शेवटचा प्रश्न ठरलेला आहे, तो तुम्ही विचारायच्या आधीच उत्तर देऊन टाकते. पुन्हा या डॉक्टरकडे याल का?

नाही.

छकुलीची आई